जिन्याच्या वळणावरची होडी

सायक्सबाईंच्या घरात भाडेकऱ्यांना तीन नियम होते. संध्याकाळी सातनंतर तळण नाही, ओले कपडे शेगडीसमोर वाळत घालायचे नाहीत, आणि मूल नाही. पहिले दोन नियम इझ्मेनं सव्वादोन वर्षं बिनबोभाट पाळले. तिसरा पाळायला तिला वेगळं काही करावं लागत नव्हतं. नेरिसा चार हजार मैलांवर कॅरिआकू बेटावर आजीपाशी होती. आई बोटीनं इंग्लंडला निघाली तेव्हा ती दोन वर्षांची होती. आता तिला पाचवं लागलं होतं.

तिचा नवरा एग्बर्ट तिच्याही आधी वर्षभर हडर्सफील्डला आला होता. मोठ्या वादळानं बेटावरची निम्मी घरं आणि बऱ्याचशा होड्या नेल्या, तेव्हापासून त्यांच्या विंडवर्ड गावचे तरुण एकेक करून इंग्लंडची वाट धरत होते. एग्बर्ट इनो सुतार होता, आणि सुतार म्हणजे होड्यांचा. बाप, आजा, सगळे तेच. कागदावर रेघ न मारता, नुसत्या नजरेनं, किनाऱ्यावरच्या वाळूत ते पन्नास माणसांचं गलबत उभं करत. इथे त्याला लोकरीच्या गिरणीत माल भरायची खोकी ठोकायचं काम मिळालं. चार फळ्या, तळ आणि झाकण.

"माझ्या खोक्यात पाणी शिरणार नाही," तो म्हणायचा.

"कापडाला पोहता येत नाही, ते बरंच झालं मग," इझ्मे म्हणायची.

ती स्वतः इस्पितळाच्या धुलाईघरात चादरींना इस्त्री करायची. हिवाळ्यातसुद्धा तिथे घाम फुटे, त्यामुळे बेटावरून आलेल्या सगळ्या बायकांना ती जागा आवडायची. घरी आलं की स्वयंपाकघरात पाळीनं चूल मिळे. मक्याचं पीठ कुठे मिळेना, तर ती रव्याचं घट्ट पिठलं घोटून खारवलेल्या मासळीबरोबर वाढायची. एग्बर्ट दरवेळी पहिला घास सावकाश चघळायचा आणि मग ताट पुसून खायचा. तिलाही ते पुरेसं होतं.

एका गोष्टीत मात्र ती हटून बसली. तिच्या गावात माणूस समोर आल्यावर नमस्कार न करणं म्हणजे त्याच्या घरात कुणी मेल्याचं माहीत असून न जाणं. म्हणून ती जिना उतरताना रोज सायक्सबाईंना "गुड मॉर्निंग, बाई" म्हणायची. पहिले पाच महिने बाईंनी मान वर केली नाही. सहाव्या महिन्यात त्या "हं" म्हणाल्या. एग्बर्ट म्हणाला, "कशाला स्वतःचं तोंड झिजवतेस?" इझ्मे म्हणाली, "नमस्कार मी माझ्या आईच्या शिकवणीला करते. ही बाई मध्ये उभी असते एवढंच." वर्षाअखेर बाई "मॉर्निंग" म्हणू लागल्या.

मग जानेवारीत ठरलं, की नेरिसाला आणायचं. गावचाच फेस्टस दोन गल्ल्या वर, चढावर राहायचा. त्याच्या घरातल्या वरच्या दोन खोल्या एप्रिलमध्ये रिकाम्या होणार होत्या, आणि फेस्टसच्या घरात मुलांना बंदी नव्हती, त्याचीच पाच होती. ओळखीची एक नर्स त्याच सुमारास बोटीनं येणार होती, तिच्याबरोबर पोरीला धाडायचं ठरलं.

त्या दिवसापासून एग्बर्टचं चित्त ठिकाणावर राहिलं नाही. पोर वर्षाची असताना तो निघाला होता. ती आपल्याला ओळखणार नाही, हे त्याला कळत होतं. रविवारी चर्चनंतर तो एकटाच उद्यानात फिरू लागला आणि खिशात हात घालून झाडांकडे बघत उभा राहू लागला. वाऱ्यानं पडलेल्या फांद्या पालिकेची माणसं तोडून ढीग लावत. त्यातल्या निसर्गतः वाकलेल्या तो मागून घ्यायचा. गावी पांढऱ्या देवदाराच्या अशाच वाकड्या फांद्यांतून होडीच्या बरगड्या निघतात. मुकादमाला विचारून त्यानं फुटक्या खोक्यांच्या फळ्या आणल्या. दोन महिने, कामावरून आल्यावर, त्या एकाच खोलीत तो खाली बसून तासत राहिला. आवाज नको म्हणून खिळा नाही, सगळं लाकडी खुंट्यांवर. भुसा इझ्मे रोज सकाळी झाडायची.

तो पलंग होता. पण पुढे नाळ, म्हणजे होडीचं वर उचललेलं टोक, मागे रुंद पिछाडी, दोन्ही बाजूंना उतरते काठ, आणि आत गादीपुरती जागा. लांबी सहा फूट.

"सहा?" इझ्मे म्हणाली. "पोर केवढी आहे, माहीत आहे ना?"

"मोठी होईल की."

"नवऱ्यासकट झोपवायचा विचार आहे का त्यात?"

तो हसला, पण काठावर हात फिरवत राहिला. बऱ्याच दिवसांनी तिला तो गावचा एग्बर्ट दिसला, गलबताच्या पोटाखाली पाठीवर पडून लाकडाशी बोलणारा. तिनं आईला पत्र लिहिलं, की पोरीला सांग, तुझ्या बाबांनी तुझ्यासाठी इथे होडी बांधली आहे. आईचं उत्तर आलं: पोर घरोघर सांगत फिरते आहे. इंग्लंडला जायला तयार नव्हती, रडायची. आता म्हणते, माझी होडी तिकडे आहे, मला गेलंच पाहिजे.

ते पत्र एग्बर्टनं कोटाच्या आतल्या खिशात ठेवलं.

खोली बदलायचा शनिवार आला. नेरिसा पुढच्या गुरुवारी पोचायची होती. फेस्टस आणि गिरणीतले तिघं मदतीला आले. ट्रंका गेल्या, शेगडी गेली. मग होडी उचलली. दारातून तिरकी निघाली. जिन्याच्या वळणावर अडकली. पुढे घेतली, मागे घेतली, उभी केली, आडवी केली. नाळ भिंतीला टेकली की मागची बाजू कठड्याला लागे.

फेस्टस जिन्यावर बसला आणि पोट धरून हसू लागला. "अरे देवा! विंडवर्डचा सुतार! सात पिढ्या होड्या बांधतायत आणि एकानंही कधी दाराचं माप घेतलं नाही!"

"वाळूत दार कुठे असतं?" एग्बर्ट म्हणाला. त्याला खरंच तेवढंच सुचलं. आयुष्यात त्यानं बांधलेली प्रत्येक गोष्ट उघड्या आभाळाखाली उभी राहिली होती. तिला बाहेर काढावं लागतं, हे त्याच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं.

"जेव्हा पत्र लिहीन ना गावी," फेस्टस डोळे पुसत म्हणाला, "तेव्हा पहिलं हेच."

"फेस्टस," इझ्मे म्हणाली, "तुझ्या पहिल्या होडीत पाणी खालून आलं होतं की वरून, ते पण लिही."

बाकीचे हसले. एग्बर्ट हसला नाही. त्यानं होडी परत खोलीत नेली, करवत काढली आणि मधल्या बरगडीवर ठेवली. दोन तुकडे करायचे, तिकडे नेऊन जोडायचे. सोपं होतं. पण करवत तशीच राहिली. बांधून पुरी झालेल्या पण पाण्यात न उतरलेल्या होडीवर करवत चालवणं गावात कुणी केलं नव्हतं. आणि त्याच्या खिशात ते पत्र होतं.

"जोडलेलं कळेल," तो म्हणाला. "पोरीला नाही कळणार. मला कळेल."

इझ्मेनं कमरेचा ॲप्रन सोडला, त्याच्या नाडीनं होडीची रुंदी मोजली आणि खिडकीपाशी गेली. नाडी चौकटीला लावली. चौकटच वीतभर उरली.

"एग्बर्ट, सुतार जिन्यावरून होडी नेतो का कधी? होडी उतरवतात. उतरव."

"खिडकी माझी नाही."

"जिची आहे तिला मी ओळखते," इझ्मे म्हणाली आणि खाली गेली.

सायक्सबाई उंबऱ्याची पायरी घासत होत्या. ती त्या रोज घासत, गल्लीतल्या सगळ्याच बायका घासत.

"गुड मॉर्निंग, बाई."

"सकाळी एकदा झालंय ते."

"तुमची वरची खिडकी काढायची आहे."

बाईंनी ब्रश खाली ठेवला. "काढायची म्हणजे?"

"चौकटीतून. तासाभरानं परत बसवतो. होडी बाहेर काढायची आहे."

"माझ्या घरात होडी आहे?"

"पलंग आहे, बाई. मुलीचा. ती गुरुवारी येतेय."

बाई उठून उभ्या राहिल्या. "तुम्हाला मुलगी आहे, हे मला सांगितलं नाहीत तुम्ही."

"तुमच्या घरात मुलांना जागा नाही, मग सांगून काय करणार?"

हे ती रागानं बोलली नाही. म्हणूनच ते बाईंना लागलं असावं. त्यांनी ॲप्रनला हात पुसले. "ती खिडकी माझा नवरा हॅरल्ड गेल्यापासून उघडलेली नाही. अडकून बसलीये. तुमच्या यजमानांना सांगा, परत बसवतील तेव्हा ती सरकली पाहिजे. आणि माझ्या पायरीवर कुणी पाय द्यायचा नाही, ओली आहे."

एग्बर्टनं खिडकीचे दोन्ही भाग काढून भिंतीला टेकवले. गिरणीतून दोर आला. समोरच्या घरातला म्हातारा गंमत बघायला बाहेर आला आणि पाच मिनिटांत कोट काढून दोर धरू लागला. नाळ खिडकीबाहेर डोकावली, तेव्हा इझ्मे खाली रस्त्यात उभी होती. हातात छोटी बाटली होती. नाताळच्या केकची फळं भिजवायला जपून ठेवलेली रम. तिनं बूच काढलं, नाळेच्या खालच्या फरशीवर थोडी शिंपडली आणि हळू आवाजात नावं घेऊ लागली. बाप, सासरा, आजेसासरा, वादळात गेलेला धाकटा दीर.

"काय पुटपुटताय?" सायक्सबाईंनी दारातून विचारलं.

"आमच्या गेलेल्या माणसांची नावं. त्यांना सांगितल्याशिवाय आम्ही होडी उतरवत नाही."

वरून फेस्टसनं हाळी दिली, सगळ्यांनी दोर ताणला. तेवढ्यात बाई, कुणाकडेही न बघता, म्हणाल्या, "हॅरल्ड पण घाला त्यात. सुतारकाम चांगलं करायचा."

इझ्मेनं आणखी चार थेंब शिंपडले. "हॅरल्ड सायक्स," ती म्हणाली. हे मात्र मोठ्यानं.

मग फेस्टसनं गावचं होडी ओढतानाचं गाणं धरलं. तोपर्यंत सगळ्या गल्लीची दारं उघडली होती. होडी एकेक हात खाली आली, वाऱ्यानं किंचित वळली आणि खाली टेकली; मग सहा जणांनी ती खांद्यांवर उचलली. पायरीला कुणाचा पाय लागला नाही. चढावर वरून येणारी बस त्यांच्यासाठी थांबली. ड्रायव्हरनं भोंगा वाजवला. एग्बर्ट सगळ्यांत पुढे होता, आणि इझ्मेला त्याची फक्त मान दिसत होती, ताठ.

इझ्मे हे पुढे आयुष्यभर सांगायची. शेवटच्या दिवसांत, बाकी सगळं विस्कटलं तेव्हाही, बसचा भोंगा तिला आठवे. सांगताना ती स्वतःला त्यात फारशी ठेवत नसे. जणू ॲप्रनची नाडी आपण होऊन खिडकीला लागली होती.

गुरुवारी दुपारी स्टेशनवर नर्सनं नेरिसाला पुढे केलं. अंगात मोठ्या मापाचा कोट, वेण्या घट्ट. आजीनं वळण लावलेलं होतं. तिनं एग्बर्टकडे, मग इझ्मेकडे बघितलं आणि नीट म्हणाली, "गुड मॉर्निंग, बाई."

दुपारचे तीन वाजले होते. "गुड मॉर्निंग, बाळ," इझ्मे म्हणाली. एग्बर्टनं तोंड फिरवून ट्रंक उचलली.

वाटेत इझ्मेनं हात धरला तर पोरीनं धरू दिला, पण बोटं वळवली नाहीत. खोलीत आली आणि दारातच थांबली. होडीत गादी घातलेली होती, वर इझ्मेनं इस्त्री केलेली चादर. नेरिसा जवळ गेली. नाळेवर हात ठेवला. बरगड्या मोजल्यासारखं करत ती एका बाजूनं मागे गेली आणि दुसऱ्या बाजूनं पुढे आली.

"ही बाबांनी केली?" तिनं भिंतीला विचारलं.

"हो," एग्बर्ट म्हणाला.

"बुडते?"

"नाही."

ती बुटांसकट आत चढली, गुडघे पोटाशी घेतले आणि लाकडाला नाक लावलं. थोड्या वेळानं ती एका काठाशी सरकली. शेजारी मोठ्या माणसाएवढी जागा रिकामी राहिली. ती त्या जागेकडे बघत राहिली.

सहा फूट, इझ्मेच्या मनात आलं. तिनं नवऱ्याकडे बघितलं नाही. ती वाकली आणि, किनाऱ्यावर होडीत चढताना काढतात तसे, आपल्या पायातले बूट काढून तिनं जमिनीवर शेजारी शेजारी ठेवले.