वंदनाची पहिली सर्व्हिसिंग

कडूबा मिस्त्रींना लकवा मारला तेव्हा चिखलीतल्या त्यांच्या गॅरेजला पस्तीस वर्षं झाली होती. वर्षभरात पाय चालता झाला, जीभही सुटली, पण उजवा हात लोंबतच राहिला. गॅरेज बंद करून मिस्त्री मुलीकडे, वंदनाकडे, राहायला आले.

वंदना आरोग्यसेविका. खेडोपाडी फिरावं लागतं म्हणून तिनं जुनी चारचाकी घेतली होती. ती गाडी सर्व्हिसिंग करून आणली की मिस्त्री बॉनेट उघडायला लावत, आत डोकावत आणि काही न बोलता खाटेवर जाऊन पडत. त्यांचं ते न बोलणं वंदनाला झोंबायचं. अलीकडे तर ते जेवायला हाक मारली तरच तोंड उघडत.

एका रविवारी तिचा नवरा गोकुळ एसटीच्या ड्युटीवर गेला आणि ती म्हणाली, "बाबा, या खेपेला ऑइल घरीच बदलू."

"कोण बदलन?"

"मी. तुमी सांगा फक्त."

मिस्त्रींनी तिच्या बोटांकडे पाहिलं. "नखं काळी होतीन. पंधरा दिवस निंघत नाई ते."

"होऊ द्या."

बाजारातून तिनं ऑइलचा डबा आणि नवा फिल्टर आणला. मिस्त्रींनी कडुलिंबाखाली खुर्ची मांडायला लावली. मागच्या चाकांना दगड लावून झाले, पुढची बाजू जॅकवर चढली. ती खाली शिरणार तेवढ्यात त्यांनी डाव्या हातानं तिचा दंड धरला.

"जॅकवर भरोसा ठेवू नको. खाली घोडी लाव पह्यले."

गॅरेजमधून आणलेल्या दोन लोखंडी घोड्या तिनं गाडीखाली लावल्या, गाडी त्यांवर टेकली, आणि मग ती पोत्यावर पाठ टेकून आत सरकली. खालचा बोल्ट काही केल्या हलेना. उताणं पडल्यावर कोणत्या बाजूला फिरवायचं तेच कळत नव्हतं.

"उलटा फिरोव," मिस्त्री म्हणाले.

"उलटा म्हणजे कोणीकडं, बाबा?"

मिस्त्रींनी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि ते थांबले. उजवा खांदा किंचित हलला, हात मात्र मांडीवरच पडून होता. शेवटी त्यांनी डावा हात वर करून हवेत फिरवून पाहिला आणि म्हणाले, "बाटलीचं बूच उघडतं ना तू? तसं. बूच तुह्याकडं तोंड करून हाये असं समज."

बोल्ट सुटला. काळं कढत ऑइल घमेल्यात पडलं, थोडं तिच्या कोपरावरही ओघळलं. जुना फिल्टर काढून नव्याच्या रबरी रिंगला तिनं बोटानं ऑइल लावलं, फिल्टर हातानं आवळला, खालचा बोल्ट घट्ट केला. वरून नवं ऑइल ओतून तिनं गाडी सुरू केली. मनातून तिला हसू फुटत होतं.

"बंद कर," मिस्त्री एकदम म्हणाले. "लवकर बंद कर."

खाली अंथरलेल्या पुठ्ठ्यावर नवंकोरं ऑइल पसरत चाललं होतं.

वंदना पुन्हा खाली शिरली. फिल्टर काढला, तर आत जुन्या फिल्टरची रबरी रिंग इंजिनलाच चिकटून राहिलेली. तिच्यावरच नवी रिंग बसली होती, म्हणून फटीतून ऑइल गळत होतं. तिनं ती नखानं सोडवली आणि बाहेर येऊन बापासमोर धरली.

"माह्यंच चुकलं. पाह्यलंच नाई मी," ती म्हणाली.

"तुहं नाई." मिस्त्रींचा आवाज खाली गेला होता. "म्या सांगतलंच नाई तुले. फिल्टर काढला का आंगठा आपोआप तिथं फिरे माहा. कोणाले सांगाचं कामच नाई पडलं कधी. पोरं बाजूले उभी राहून पाहत, अन् शिकून जात."

हात गेला म्हणजे बापाचं काम गेलं, एवढंच वंदना आजवर समजत होती. त्या हाताबरोबर किती गोष्टी न बोलताच राहून गेल्या, हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"तूबी आली होती एकदा," मिस्त्री खाली बघत म्हणाले. "चौथीत असशीन. पाना मागत होती. म्या घरी हाकललं."

"हाव. आठोते मले."

मग ती उठून बाजारातून आणखी एक डबा घेऊन आली. दुसऱ्या वेळेला मिस्त्रींनी प्रत्येक पायरी आधी बोलून दाखवली आणि तिच्याकडून वदवून घेतली. अडलं तिथं ते डोळे मिटून शब्द शोधत. दोन तास गेले. गाडी सुरू झाली, पुठ्ठा कोरडा राहिला. मिस्त्रींनी वाकून तीनदा पाहिला.

"पुढच्या रविवारी ब्रेक उघडू," ते म्हणाले.

संध्याकाळी ती चहा घेऊन गेली तेव्हा मिस्त्री खाटेवर उठून बसले होते. डावा हात हवेत गोल फिरवत ते स्वतःशीच पुटपुटत होते. "पह्यले चाक काढाचं... नाई. पह्यले नट ढिले कराचे, चाक जमिनीवर असतानाच..."

चहा शेजारी ठेवून वंदना आवाज न करता बाहेर आली.