नदी फार स्वच्छ झाली

या वर्षी माझं मॉडेल जिल्ह्याच्या प्रदर्शनात जायलाच हवं होतं. दादाचं गेलं होतं, तेव्हापासून त्याची मान ताठलेली ती अजून खाली आलेली नाही. वर मला म्हणाला, "तुझी नदी आधी वर्गाबाहेर तरी पोचू दे!"

मॉडेल सोपं होतं. आपली नदी, जिच्या हजारो वर्षं सगळे पाया पडतात, तिने हे सुपीक मैदान कसं घडवलं ते दाखवायचं. मोठी परात तिरकी ठेवायची आणि वरून गढूळ पाणी सोडायचं. उतार संपला की पाणी मंदावतं, गाळ खाली बसतो आणि मैदान पंख्यासारखं पसरत जातं. घरी तर झकास जमलं होतं.

शाळेतल्या प्रदर्शनाच्या सकाळी भूगोलाच्या बाई माझ्या बादलीत डोकावल्या आणि दचकल्याच.

"अगं, पवित्र नदी आणि पाणी चहासारखं?"

"बाई, त्यातच गाळ आहे."

"तेच म्हणतेय मी! पाहुणे येतायत, शोभतं का?"

मी तोंड उघडेपर्यंत बादली बेसिनमध्ये रिकामी. बाईंनी स्वतः फिल्टरचं पाणी भरलं, निळी शाई टाकली, वर गुलाबाच्या पाकळ्या. नदी अशी नटली की तिला कामाला लावायचीच लाज वाटावी.

परीक्षक आले. मी पाणी सोडलं. ते सुळकन खाली गेलं आणि काठाशी साचून राहिलं. बास.

"मैदान कुठाय?" परीक्षकांनी विचारलं.

"सर, नदी फार स्वच्छ झालीय."

बाईंनी डोळे वटारले. पण परीक्षक पुढच्या टेबलाकडे वळायला लागले होते आणि मला दादाचं दात काढणं आत्ताच ऐकू येत होतं. मग कसली लाज! खिडकीतल्या कुंडीतली माती मुठीमुठीने उपसली, उरलेल्या पाण्यात कालवली आणि बाई "अगं, अगं" करत असतानाच ओतली.

पाणी मंदावलं. गाळ बसला. पाकळ्या अर्ध्या गाडल्या गेल्या आणि परातीत मऊ, काळंभोर मैदान पसरलं. परीक्षक चक्क बोट बुडवून बघत बसले.

"वा! निवडलं हे!"

"आमच्याकडे नदीचं पावित्र्य जपतात ना, सर," बाई लगेच म्हणाल्या.

"दिसतंच आहे," परीक्षक बोट पुसत म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "फक्त जिल्ह्याला पाणी जरा स्वच्छ घे हं, बाळा. तिथे मोठे पाहुणे असतात."

मी जोरात मान डोलावली. हो म्हणायला काय जातंय? ओतणार तर मीच.