अर्धी बाटली पाणी

भावजय गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी भाऊ तिच्या उशाजवळची पाण्याची बाटली घेऊन ताईकडे आला. बाटली अर्धी भरलेली होती. दवाखान्यात नेण्याआधी ती हेच पाणी पीत होती, एवढं सांगून तो उभाच राहिला. बस म्हटल्यावर बसला, चहा दिला तर प्यायला. रडला नाही. ताईही रडली नव्हती. अंगात भुसा भरून ठेवावा तशी दोघं समोरासमोर बसली होती.

भावाची रोपवाटिका होती. बियाण्याला बुरशी लागू नये म्हणून तो पेरणीआधी त्याला औषध चोळायचा आणि औषधाचे ट्रे विहिरीच्या काठावरच धुवायचा. घरात प्यायला पाणी त्याच विहिरीचं. भावजयीचं यकृत बघता बघता निकामी झालं आणि कशाने ते डॉक्टरांना शेवटपर्यंत सांगता आलं नाही. भावाने मात्र मनाशी ठरवून टाकलं होतं. विहिरीवर पत्रा टाकून त्याने तो तारेने आवळून बांधला होता. तरी ते दुसऱ्या कुणाच्या तरी तोंडून ऐकायचं होतं त्याला. आणि पाण्यात, दुधात, फळांत काय मिसळलंय ते शोधणं हे तर ताईचं रोजचं काम.

तिच्या प्रयोगशाळेत नखाएवढ्या काचेच्या चकत्या असत, त्यांवर सोन्याचा थर. डोळ्यांना तो गुळगुळीत दिसे, पण खरं तर सोन्याचे अतिशय बारीक कण तिथे दाटीवाटीने बसवलेले असत. त्यावर थेंब टाकायचा, वाळू द्यायचा आणि लेसरचा ठिपका पाडायचा. सोन्याला चिकटलेला रेणू त्यातल्या थोड्या प्रकाशाचा रंग किंचित बदलून परत पाठवतो. एरवी हे इतकं अंधुक असतं की समजूही नये, पण त्या कणांच्या फटीत ते कैक पटींनी वाढतं आणि पडद्यावरच्या रेघेत सुळके उमटतात. घोरण्यावरून घरातलं माणूस ओळखावं तसा सुळक्यांवरून पदार्थ ओळखायचा, असं ताई शेजारणींना सांगायची.

भावाने आणलेल्या पाण्यात त्या औषधाचे सुळके आले, अगदी जागच्या जागी. तिने चकती बदलून पाहिली, तरी तेच. सुळके दुसरीकडून कुठून आलेले नाहीत हे कळावं म्हणून नियमाप्रमाणे त्याच हाताने, त्याच वेळी निव्वळ डिस्टिल्ड पाण्याचाही एक थेंब तपासायला हवा होता. तिने तो तपासला नाही. सकाळी दुसऱ्या कुणीतरी तसा थेंब तपासलेला होता, त्यावर तिने भागवलं. हाताखालच्या पोरींपैकी कुणी असं केलं असतं तर तिने तिची सालटी काढली असती.

तिने फोन केला.

"आहे," ती म्हणाली.

"बरं," भाऊ म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

पुढे त्याच्या शेजाऱ्यांकडून कळत राहिलं. रोपांना पाणी घालत नाही. विहिरीच्या पत्र्यावर बसून असतो. कुणी विचारलंच तर बायकोला मीच मारलं म्हणून सांगतो, बाजारभाव सांगावा तसा.

मग एका डेअरीचं दूध तपासायला आलं, आणि त्यातही तेच सुळके. बियाण्याचं औषध दुधात कुठून येणार? ताईने डिस्टिल्ड पाण्याचा थेंब टाकला. त्यातही तेच. तिने आपल्या हातांकडे बघितलं.

हातमोजे नवे होते, भावाचं पाणी तपासलं तेव्हाच्याच खोक्यातले. सामानाची खरेदी बघणाऱ्या माणसाला सगळे चिक्कू म्हणत. त्याने या खेपेला स्वस्तातले रबरी आणले होते. ताईने एका मोज्याचं बोट कापून डिस्टिल्ड पाण्यात बुडवलं आणि त्या पाण्याचा थेंब चकतीवर टाकला. सुळका पार पडद्याच्या वर गेला. रबर पक्कं करायलाही तेच रसायन घालतात. त्यातलं गंधक सोन्याला घट्ट बिलगतं, ते मोज्यातून आलंय की विहिरीतून, हे सोन्याला कसं कळणार? चिक्कू येऊन म्हणाला, की आता मोजेही सोन्याचे आणू का. पोरी हसल्या. ताईला हसूही आलं नाही आणि रागही.

तिने हात धुतले, मोजे न घालता चिमट्याने चकत्या उचलल्या आणि बाटलीतलं पाणी पुन्हा तपासलं. काही नाही. त्याच पाण्यात मुद्दाम औषधाचा अंश मिसळून बघितला, तर सुळके लगेच आले. म्हणजे चकती ठीक होती. पाण्यात औषध नव्हतं.

फोन न करता ती बाटली घेऊन गेली. भाऊ पत्र्यावर बसला होता.

"यात ते औषध नाही," ती म्हणाली.

"आहे म्हणाली होतीस."

"ते माझ्या हातमोज्यांतलं होतं. मी नीट तपासलं नाही रे. ट्रेमधलं काही विहिरीत उतरलेलं नाही."

त्याने बाटली हातात घेऊन फिरवली. तो ओरडेल म्हणून ती थांबली. ओरडला असता तर बरं झालं असतं.

"मग ती कशाने गेली, ताई?"

"माहीत नाही."

"माझ्यामुळे गेली म्हटलं की निदान कळत तरी होतं," तो म्हणाला.

ताई त्याच्या शेजारी पत्र्यावर बसली. ऊन पायांवर आलं, तरी दोघांपैकी कुणी सरकलं नाही.

मग तो उठला आणि घरातून पक्कड घेऊन आला. तार गंजली होती, तोडायला वेळ लागला. एका बाजूने ताईने धरलं, एका बाजूने त्याने, आणि पत्रा बाजूला झाला. त्याने बादली सोडली, वर ओढली, पाण्याचा वास घेतला. प्यायला मात्र नाही. झारी भरून ताईच्या हातात दिली आणि स्वतःसाठी दुसरी भरली.

पहिल्या वाफ्यातली रोपं वाळून काड्या झाली होती. दुसऱ्यातलीही तशीच. दोघं शेवटच्या वाफ्यापर्यंत पाणी घालत गेली.