ब्लोअरवरचा बडबड्या

सांगा बघू, विश्वास कुणावर ठेवाल? उभा जन्म यंत्रांत घालवलेल्या माणसाच्या तळहातावर, की काडेपेटीएवढ्या एका डबीवर, जी कालपरवा कुरियरनं आली? घाई करू नका. हा प्रश्न भिवंडीतल्या एका कारखान्याला खरोखर पडला होता, आणि ती डबी म्हणजे मीच. मी थरथर मोजणारा बिनतारी सेन्सर बोलतोय. कारखान्यात मला बडबड्या म्हणतात. म्हणू द्या. गप्प बसायला मला कुणी विकत घेतलेलं नाही.

माझी घडण साधी. पोटात हालचाल ओळखणारी चिप, शेजारी एक सेल आणि पाठीला लोहचुंबक. यंत्राला चिकटायचं, त्याची थरथर मोजायची आणि वायरीशिवाय ऑफिसातल्या पेटीकडे धाडायची. पेटी ती मोबाइलवर दाखवते. पहिला अभ्यास मात्र मला भिवंडीच्या रस्त्यानं दिला. टेम्पोतून येताना इतके धक्के खाल्ले की वाटलं, यंत्र कशाला शोधता, मला रस्त्यालाच चिकटवा, जन्मभराचं काम मिळेल.

नेमणूक झाली शेलार गावात, केसरीनाथशेठांच्या सायझिंगमध्ये. मागावर चढण्याआधी सुताला खळ लावतात, वाफेनं तापलेल्या ड्रमांवरून वाळवतात आणि बीमवर, म्हणजे मोठ्या रुळावर, गुंडाळतात, तो हा कारखाना. वाफ बॉयलरची, आणि बॉयलरच्या आगीला वारा घालतो तो ब्लोअर. ब्लोअर मध्येच थांबला की वाफ पडते, ओले धागे एकमेकांना चिकटतात आणि बीम वाया जातो. शेठ शेतकऱ्याच्या घरातले, शाळा अर्धी सोडलेले. आपल्याच शेतात शेड टाकून धंदा शिकले. रोज सकाळी ब्लोअरच्या बेअरिंगवर तळहात ठेवायचे, घरातल्या लेकराचा ताप बघावा तसा. "ह्यो हात खोटं बोलत न्हाय," म्हणायचे. खरंच बोलत नव्हता. हाताची निंदा मी करणार नाही.

मला आणलं त्यांच्या सुनेनं, विनितानं. ऑफिस ती बघायची. "बाबा, तुमचा हात सकाळी एकदा लागतो. हा दिवसभर लावून बसेल," ती म्हणाली.

"लाव," शेठ म्हणाले. "कारखान्यात बसून खाणारा एक कमीच होता."

दसऱ्यापर्यंत मी बेअरिंगवर सुखात होतो. दसऱ्याला यंत्रं धुतात, झेंडूचे हार घालतात, कुंकू लावतात. धुवायच्या आधी फिटर काळूरामनं मला हळूच काढलं, फडक्यात गुंडाळलं. पूजेला शेठांची आई, आक्का आली होती. मला परत बेअरिंगच्या कोपऱ्यात लावताना तिनं पाहिलं.

"आरं, त्याला मागं कशाला कोंबतोस? त्यानं पन राखन केलीया. पुढं बसव, कुंकू लावू दे."

आक्काचा शब्द कोण मोडणार? काळूरामनं मला पुढच्या पत्र्याच्या कव्हरवर चिकटवलं. कुंकू लागलं, फूल मिळालं. एवढा मान मला कधी मिळाला नव्हता, आणि एवढा घातही कधी झाला नव्हता. पत्र्याचा धर्मच खडखडायचा. पूजेनंतर मला मागं न्यायचं कुणाच्याच लक्षात राहिलं नाही. मला जिथं बसवलं तिथलं मी मोजलं, आणि विनिताच्या मोबाइलवर ओरडलो.

विनितानं भर कामात ब्लोअर थांबवला. बेअरिंग उघडलं, तर आत नव्यासारखं चकचकीत. तोवर बीम हातचा गेला होता.

शेठांनी मला उपटलं आणि ऑफिसच्या लोखंडी कपाटावर कॅलेंडर धरायला लावलं. धामणकर नाक्यावर चहाच्या टपरीवर गोष्ट रंगली: "सूनबायनं डबी आणली, डबीनं बीम खाल्ला." हसणाऱ्यांनी पुन्हा चहा सांगितला.

पण मी कपाटावरही गप्प बसलो नाही. दार आपटलं की धाडला आकडा. एकदा विनिता बँकेत होती. मोबाइल वाजला, तिनं पाहिलं आणि काळूरामला फोन लावला. "काका, बाबा आले वाटतं, आणि रागात आहेत ना?"

"व्हय. तुला कसं कळलं?"

"कपाटाचं दार कसं आपटलं, ते ह्यानं सांगितलं." मग तिच्या ध्यानात आलं: ज्याला चिकटतो त्याचं खरंच सांगतो हा. "काका, दसऱ्याला ह्याला कुठं लावलं होतं?"

"आक्का म्हनल्या पुढं, म्हनून पत्र्यावर. का गं?"

परत आल्यावर तिनं मला कपाटावरून काढलं, कॅलेंडर पडलं ते पडू दिलं, आणि कुणाला न विचारता बेअरिंगवर नेऊन बसवलं.

पुढं लग्नसराईचं काम जोरात असताना बेअरिंगच्या कड्याला आतून ओरखडा पडला. त्यावरून जाताना बेअरिंगमधली प्रत्येक पोलादी गोळी बारीक टिचकी मारू लागली. ही टिचकी तळहाताला लागत नाही; लागते तेव्हा उशीर झालेला असतो. मला लागली. मी ओरडलो.

शेठांनी हात ठेवला. "थंड हाय. चालू दे."

"हा बीम उतरू दे, पण पुढचा चढवायचा नाही," विनिता म्हणाली. "आधी बेअरिंग उघडायचं."

"मागं उघडलं तवा काय निघालं?"

"तेव्हा तो पत्र्यावर होता, बाबा. पत्र्याचं बोलत होता."

"आन आता काय न्हाय निघालं तर?"

"तर मी उद्यापासून कारखान्यात येणार नाही."

काळूराम हातातला पाना तसाच धरून उभा. शेठ सुनेकडं वळले. "बघ हां. शब्द देतेस. आन निघालं तर काय मागशील?"

"ब्लोअर कधी थांबवायचा, हे मग मी ठरवणार. तुम्हाला न विचारता."

बीम उतरला, ब्लोअर थांबला. काळूरामनं बेअरिंग ओढून काढलं. गोळ्या धरणारी पितळी जाळी दोन जागी तडकलेली, कड्यावर खड्डे. पुढचा बीम ह्याच्या जिवावर निघाला नसता.

शेठांनी बेअरिंग उलटसुलट केलं. मग ब्लोअरच्या स्विचपेटीची चावी करगोट्यातून सोडली आणि विनिताच्या हातात दिली. "दसऱ्याला ह्या डबीला हलवू नका रं. आक्काला म्हनावं, कुंकू मागंच येऊन लाव."

मला वाटलं, मिटलं. कसलं मिटतंय? परवा टपरीवर शेठ सांगत होते, "बेअरिंगवर हात ठेवला आन लगेच कळलं मला." विनिताला कळलं तेव्हा ती हसली, चावी तिच्याकडं आहे, तिला पुरतं.

मला नाही पुरत. माझा सेल उतरत आलाय, आकडे आता विरळ जातात. पण सेल संपेपर्यंत मी बोलणार, बडबड्या म्हणा नाहीतर आणखी काही. तुमच्याकडं एवढंच मागणं: तुमच्याही घरात, दुकानात असा कुणी बोलणारा असेल. तो चुकला ते गावभर सांगता, तर तो बरोबर निघाला तेही त्याच्याच नावावर लावा. आणि चुकला म्हणण्याआधी त्याला कुठं बसवलं होतं, ते आठवा. हिशेब ठेवायचा तर दोन्ही बाजूंनी, खरा ठेवा.