देव आले, पण किती?

एका 'एस'वरून सख्ख्या बहीण-भावाचं बोलणं बंद पडावं, याला काय म्हणावं! तेही साठी उलटल्यावर.

दादा आणि त्याची धाकटी बहीण चिमी, दोघं मिळून भक्तिगीतांच्या एका जुन्या पोथीचं इंग्रजी भाषांतर करत होती. सगळं सुरळीत चाललं होतं. शेवटच्या ओळीशी मात्र घोडं अडलं: 'दारी देव आले, घर भरून गेले.'

मराठीत काही अडचण नाही. देव एक असो की दहा, शब्द तोच. आणि एकटा असला तरी मानानं 'आले'च. इंग्रजीला मानपान कळत नाही, तिला आकडा लागतो.

"घर भरलं म्हणजे पुष्कळ असणार. 'गॉड्स'!" दादा म्हणाला.

"एकच आहे रे. आदरानं म्हटलंय. 'गॉड'!"

"तुला व्याकरणातलं काय कळतं?" दादा बोलून गेला. चिमी तडक उठली आणि घरी गेली.

मग फोन नाही की निरोप नाही. प्रकाशकानं छपाईसाठी तगादा लावला होता, पण दादाला त्याचं काही नव्हतं. चिमीवाचून त्याला करमत नव्हतं. आपण होऊन फोन करायचा तर कमीपणा वाटे. नुसता घरभर येरझाऱ्या घाली.

रविवारी बायकोनं बाहेरूनच हाक मारली, "अहो, पाहुणे आलेत! चहा टाका."

दादानं मुकाट्यानं पातेलंभर चहा केला, सहा कप भरले, ट्रे घेऊन बाहेर आला, तर समोर एकटी चिमी!

"एवढे कप कुणाला?"

"ही म्हणाली, पाहुणे आलेत..." दादा अडखळला. बायको हसू दाबत खिडकीकडे वळली. दादाला इतका आनंद झाला की चहा ट्रेमध्ये हिंदकळला. "हरलो बाई. 'गॉड'च लिहू."

"छे! मी घरी नीट विचार केला. 'गॉड्स'च बरोबर आहे."

"अगं, 'गॉड'!"

"'गॉड्स'!"

तेवढ्यात प्रकाशकाचा फोन आला. "काय ठरलं?"

"थांबा जरा. आम्ही भांडतोय."

"आम्ही? म्हणजे बहीण आली वाटतं?"

"आली काय म्हणता? आल्या आहेत!" दादा चिमीकडे बघत ठासून म्हणाला.

"किती जणी?"

"एकच," दादा म्हणाला, "पण पुरून उरते."