गोष्टीच्या तासाची पोटदुखी

आमच्या शाळेत घंटा नाही. कोल्हापूरच्या कडेला, उसाच्या फडाला चिकटून चार खोल्या, आणि मुलं इतकी थोडी की त्यांच्या आज्यांची नावंसुद्धा मला पाठ. सगळे आले की प्रार्थना, असा नियम. कोणी आलं नाही तर घरी जाऊन त्याला घेऊन यायचं, तोवर शाळा थांबते. रागवायचं नाही, हसायचं नाही. आणायला जाईल त्यानं त्याचं दप्तर उचलायचं, आणि आणलेल्यानं त्या दिवशी प्रार्थना सांगायची. नियम मीच केलेला. मला तो फार थोर वाटायचा, कारण तो कधी माझ्यावर उलटेल असं मनातही आलं नव्हतं.

यंदा आमच्या मुख्याध्यापिका संयोगिताताई यांनी माझ्याकडचं गणित नव्या शिक्षिकेकडे दिलं आणि मला गोष्टीचा तास. आबांकडे जन्मभराच्या गोष्टी असतील, असं त्या अदबीनं म्हणाल्या. माझ्याकडे जन्मभराचे अपूर्णांक होते. राजाला तीन राण्या आहेत एवढं कळलं की मी लगेच राज्याची वाटणी करायला बसतो. नातीवर सराव करून पाहिला, तर ती भर दुपारी झोपली.

पहिल्या तासाच्या दिवशी सकाळी मी घोंगडी ओढून पडलो आणि पोट दुखतंय असं बायकोला सांगितलं. मनातला बेत असा, की ताई एकट्या येतील आणि गणित तुम्हीच घ्या म्हणून विनवतील. मी दोनदा नाही म्हणेन. तिसऱ्यांदा कसा सुस्कारा टाकून कबूल होईन, तेही ठरलं होतं. वाट बघता बघता भूक लागली, म्हणून भडंगाचा डबा घोंगडीत घेतला.

ताई आल्या, पण मागं अख्खी शाळा घेऊन. अंगणात चपलांचा ढीग पडला. चौथीतली नसरीन सरळ माझ्या उशाशी आली. भागाकाराच्या भीतीनं ती मागच्या वर्षी सारखी घरी राहायची आणि तिला आणायला मीच जायचो. तिनं कमरेवर हात ठेवले, अगदी माझ्यासारखे, आणि माझाच ठेवणीतला प्रश्न मला विचारला.

"आबा, पोटात दुखतंय, का अभ्यास झाला न्हाय?"

"विचार की, बाई," बायको दारातनं म्हणाली. "सकाळधरनं भडंगाचं औषध चाललंय."

मी उठून बसलो तशी घोंगडीतनं शेंगदाणे घरंगळले. एकही पोर हसलं नाही. नियमच होता ना. हसले असते तर बरं झालं असतं. ताई बाहेर जास्वंदीची पानं निरखत उभ्या होत्या. गणिताचं नाव कोणी काढेना.

"मला गोष्ट सांगाय येत न्हाय," मी शेवटी नसरीनला खरं ते सांगितलं.

"मग माझ्याजवळ बसा की. येतंय हळूहळू."

हेही वाक्य माझंच, भागाकाराच्या वेळचं. तिनं माझी पिशवी खांद्याला लावली आणि पुढं निघाली. मी मागनं.

प्रार्थना मी सांगितली. माझा आवाज म्हणजे घाट चढणारी एसटी. मुलांनी इमानानं तोच सूर धरला, त्यामुळे एका एसटीच्या जागी सगळा डेपोच घाट चढला.

मग गोष्टीचा तास. नसरीनशेजारी सतरंजीवर बसून मी सुरुवात केली, एक म्हातारा होता आणि तो एकदा शाळेत आला नाही.

"ही ठावं हाय," ती म्हणाली. "दुसरी सांगा."

दुसरी म्हणजे तीन राण्यांची. राज्याच्या वाटणीपाशी येऊन मी नेहमीसारखा अडलो, पण तोवर वर्गच भांडायला उठला होता, कुठल्या राणीला किती द्यायचं म्हणून. ते भांडण अजून मिटलेलं नाही. नसरीननं धाकटीला निम्मं राज्य देऊन टाकलंय, आणि मला ते मुळीच मान्य नाही. उद्या लवकर जायला हवं.