वडाळ्याच्या फ्रिजमधल्या बारा डब्या

“हा बाराचा फरक आला कुठून?” त्रिलोकेकर साहेबांनी चष्मा कपाळावर चढवला आणि पडद्यावरच्या लाल चौकोनावर बोट ठेवलं.

पडद्याच्या डाव्या अंगाला वैशाली साळवेचा औषधसाठ्याचा जुना रिपोर्ट होता, तिच्या टेबलावरच्या कॉम्प्युटरमधल्या एक्सेल फाइलचा. उजव्या अंगाला नवा, वेबवरचा. आजपासून तोच चालणार होता आणि मालकांपासून सेल्समनपर्यंत ज्याला त्याला मोबाइलवर दिसणार होता. औषधांचे तीनशे चाळीस प्रकार. तीनशे एकोणचाळीस जुळले, अगदी तंतोतंत. नेमकं एकच इंजेक्शन अडून बसलं होतं. अपुऱ्या दिवसांची बाळं जन्मली की त्यांना श्वास घेता यावा म्हणून देतात ते. वैशालीच्या रिपोर्टात वडाळ्याच्या गोदामात त्याच्या तीन डब्या होत्या. वेबवर पंधरा.

“मॅडम, तुमच्या सॉफ्टवेअरची तर चूक नाही ना?” साहेबांनी विचारलं.

नवी सिस्टीम बसवायला आलेल्या श्रेयाने मान हलवली. “नाही सर. काल गोदामात प्रत्येक डबी स्कॅन केलीय. फिजिकल स्टॉक पंधराच आहे.”

वैशालीला काल दुपारीच गोदामातल्या परबकाकांना फोन करून सांगायचं होतं, त्या बारा तेवढ्या स्कॅन करू नका. नेमकं श्रेयाने तिला ट्रेनिंगला बसवलं आणि राहून गेलं. परबकाका पडले सरळ माणूस. फ्रिजमधली एकूण एक डबी स्कॅन करा म्हटल्यावर त्यांनी एकूण एक केली. बाजूला ठेवलेलं म्हणजे काय, ते मशीनला कुठे कळतं!

“कागदावर नाही आणि फ्रिजमध्ये आहे,” साहेब सावकाश म्हणाले. “याचा अर्थ माल परस्पर बाहेर जातो. परबांना आत बोलवा.”

गंगाधर परबांना सकाळीच वडाळ्याहून परळच्या ऑफिसात बोलावून घेतलं होतं. ते आत आले आणि दाराशीच उभे राहिले. एकोणतीस वर्षं गोदाम सांभाळलेला माणूस, रिटायर व्हायला चार महिने उरलेले. खुर्ची रिकामी होती, पण कोणी बसा म्हटलं नाही.

“परब, फ्रिजची चावी कोणाकडे असते?”

“माझ्याकडे, साहेब.”

“रोज सकाळी फोनवर वैशालीला आकडे कोण सांगतं?”

“मीच.”

साहेब वैशालीकडे वळले. “तुला यांनी तीनच सांगितल्या ना?”

आता बघा, एवढं एक ‘हो’ म्हणायचं होतं. फोनवर काय बोलणं झालं त्याला साक्षीदार नव्हता. वेबच्या रिपोर्टिंगची प्रमुख म्हणून तिच्या नावाचं पत्र साहेबांच्या फायलीत टाइप होऊन पडलं होतं, फक्त सही व्हायची होती. वरळीच्या बीडीडी चाळीतल्या आईने तर शेजारीपाजारी सांगूनही टाकलं होतं. ऑफिसात डेटा एंट्रीला लागलेली पोरगी, रात्रीच्या कॉलेजात बी.कॉम. झालेली, सोळा वर्षांनी प्रमुख होणार म्हणून.

“होय साहेब,” तिच्याआधी परबकाकाच बोलले. “मीच तीन सांगितल्या. तिला काय म्हायती नाय.”

“मग उरलेल्या बारा कोणाला विकत होतात?”

साहेब उत्तराला थांबले नाहीत.

“एकोणतीस वर्षांनी हे? उद्यापासून येऊ नका. पोलिसात द्यायचं का, ते मालक ठरवतील.”

परबकाकांनी मान खाली घातली. आणि वैशालीचं डोकंच फिरलं. स्वतःवरच फिरलं. अगं बये, हा माणूस तुझ्यासाठी चोर म्हणवून घेतोय आणि तू पत्राचा विचार करतेयस!

“साहेब, मी खोटं लिहीत होते,” ती म्हणाली. “काका मला रोज खरा आकडा सांगायचे. मी त्यातून बारा वजा करायची.”

“वैशाली, गप बस गो!” परबकाका ओरडले.

ती थांबली नाही. श्रेयाच्या हातून माउस घेऊन तिने आपल्या फाइलमधलं लपवलेलं पान उघडलं. तारीख, प्रसूतिगृहाचं नाव, डब्या, बिल नंबर. नऊ वर्षांच्या ओळी होत्या. बाहेर गेलेल्या प्रत्येक डबीसमोर बिल होतं.

नऊ वर्षांपूर्वी भाऊबीजेला लालबागच्या एका छोट्या प्रसूतिगृहातून फोन आला होता. आदल्याच संध्याकाळी एका मोठ्या इस्पितळाने होता नव्हता तेवढा साठा उचलला होता. बाळाचा बाप स्कूटरवरून इथे धावत आला, आणि ‘नाही’ हे वैशालीला त्याच्या तोंडावर सांगावं लागलं. पुढे काय झालं ते विचारायचं धाडस तिला झालं नाही. दुसऱ्या दिवशी परबकाका म्हणाले होते, “आपण बारा बाजूला काढू. तू लिवूच नको. रिपोर्टात दिसलं की सेल्सवाले विकून मोकळे.” छोट्या प्रसूतिगृहांना असा महागडा माल भरून ठेवणं परवडत नाही. अडल्या वेळी ते वैशालीला फोन करत, आणि तिच्याकडे असायचं. गेलेली डबी पुढच्या मालातून भरून बारा पुन्हा पुऱ्या होत.

साहेबांनी पान खालपर्यंत वाचलं. मधे दोनदा चष्मा पुसला.

“परब, तुम्ही कामावर जा,” ते म्हणाले. “वैशाली, तुझा हेतू चांगला असेल. पण नऊ वर्षं मी मालकांना तुझा आकडा छातीठोक सांगत होतो. तुझा आहे म्हणून एकदाही तपासला नाही.”

साहेब चिडले असते तर बरं झालं असतं.

“रिपोर्टिंग दुसऱ्याकडे देतो. तू बिलिंगला बस.”

“बसते. फक्त वेबवर एक राखीवचा खाना करा, साहेब. उघड. सगळ्यांना दिसेल असा.”

“दोन मिनिटांचं काम आहे, सर,” श्रेया हळूच म्हणाली.

“मालकांना विचारल्याशिवाय नाही. तोवर आहे तसं चालू करा.”

अकरा वाजता नवा रिपोर्ट चालू झाला. वैशाली बिलिंगच्या टेबलाशी मोबाइल घेऊन उभी होती आणि परबकाका, जायचे सोडून, तिच्या बाजूला. त्या इंजेक्शनच्या पंधरा डब्या दिसत होत्या. साडेअकराला पाचच उरल्या. तिने पान पुन्हा उघडलं.

“किती गो?” काकांना ते बारीक अक्षर दिसत नव्हतं.

“शून्य.”

“मोठ्या इस्पितळाने घेतल्या असतील.”

“हो. बाळांनाच जातील त्या, काका.”

“जातील, जातील.” मग काका एकदम तिच्यावर खेकसले, “माझे चारच महिने राहिले होते, माझं काय गेलं असतं! तुला कोणी सांगितलं होतं तोंड उघडायला?” त्यांचे डोळे भरून आले होते. त्यांनी शर्टाच्या बाहीने तोंड पुसलं.

वैशालीने ड्रॉवरमधून कागद काढला आणि मोबाइलमधले नंबर उतरवून घेतले. सतरा प्रसूतिगृहं. कागद मधोमध फाडून खालची आठ तिने काकांना दिली, वरची नऊ स्वतःकडे ठेवली. पहिला नंबर लालबागचा होता.

“सिस्टर, वैशाली बोलतेय. ते बाळांचं इंजेक्शन यापुढे निदान एक तरी तुमच्याकडेच आणून ठेवा... नाही हो, रागावले नाही. माझ्याकडे आता नसतं.”

पलीकडच्या खुर्चीवर परबकाका कागद डोळ्यांपासून लांब धरून फोनवर एकेक आकडा दाबत होते.